पानापासून पुडीपर्यंत

2023 चा ऑगस्ट. अधिक श्रावण सरत आला होता. मासेमारीची बंदी उठून पंधरवडा होत आला, तरी समुद्राची पावसाळी रग उतरली नव्हती. त्या उधाणात दापोली तालुक्याच्या पुळणीवर प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलेली पाकिटं येऊन लागायला लागली. पहिली कर्द्याला सापडली. मग लाडघर, केळशी, कोळथरे, मुरूड, बुरोंडी, दाभोळ अशी एकेका गावाची नावं पेपरात यायला लागली. पाकिटांत चरस होता. सीमाशुल्क खात्याने थोड्याच दिवसांत दोनशे किलोंच्या वर माल गोळा केला. पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगरपर्यंत तोच प्रकार. गुजरातच्या किनाऱ्यावर आधी सापडलेल्या पाकिटांशी वेष्टन जुळत होतं. माल अफगाणिस्तान किंवा पाकिस्तानकडून निघालेला असावा, असा खात्याचा अंदाज होता.

केळशीच्या किनाऱ्याला समुद्राने काही आणून टाकणं नवं नाही. गावच्या उत्तरेला भारजा नदीच्या मुखाशी वाळूची ती मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिच्या थरांचा अभ्यास केला. त्या थरांतून मध्ययुगातली खापरं, हाडं, नाणी निघाली, आणि एवढी वाळू एखाद्या त्सुनामीच्या लाटेने आणून टाकली असावी असं मत त्यांनी मांडलं. वास्को द गामाच्या जहाजांनी 1524 साली दाभोळजवळच्या समुद्रात अनुभवलेल्या हादऱ्यांशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. या गावाला समुद्राकडे बघायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. येणारं बरं-वाईट तिकडूनच येतं, हे इथल्या अंगवळणी पडलेलं आहे.

पाकिटं सापडली त्याच वर्षी, दिवाळीनंतर, त्या भागातल्या एका शाळेत व्यसनांबद्दल बोलायला मला बोलावलं होतं. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. चरसाबद्दल बोलून झालं, गांजाबद्दल झालं, अफू आणि गर्दबद्दल झालं. मग तेव्हा रोज पेपरात येणाऱ्या एमडीवर आलो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

‘‘सर, चरस गांजाच्या झाडाचा. गर्द अफूच्या बोंडाची. मग एमडीचं झाड कसं असतं?’’

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, त्याचं झाड नसतं, ते कारखान्यात होतं. घंटा झाली, मुलं उठली. घरी येताना एसटीत मात्र मला चुटपुट लागून राहिली. कारण माझं उत्तर अर्धवट होतं. एमडीचं झाड होतं. ते अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर आजही आहे. त्या झाडापासून आपल्या एमआयडीसीतल्या रिअ‍ॅक्टरपर्यंतची वाट मी त्या मुलाला सांगायला हवी होती. ती इथे सांगतो.

येमेन, इथिओपिया, केनिया या पट्ट्यात खात नावाचं झुडूप होतं. त्याची कोवळी, लालसर पानं माणसं गालात धरून तासन्‌तास चघळतात. येमेनमध्ये दुपारच्या जेवणानंतर पुरुषमंडळी बैठकीच्या खोलीत लोडाला टेकून बसतात, समोर खातच्या जुड्या असतात, आणि गप्पा, सौदे, कज्जे, कविता असं सगळं त्या पानांच्या संगतीने संध्याकाळपर्यंत चालतं. भूक मंदावते, थकवा पळतो, जीभ सैल होते. हे पान ताजंच लागतं. तोडल्यापासून दोन दिवसांत त्यातला दम जातो, म्हणून त्याच्या जुड्या केळीच्या पानात गुंडाळून, ओलसर ठेवून, घाईघाईने बाजारात पोचवतात. केळीच्या पानाचा हा उपयोग कोकणातल्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको.

या झुडपाला शास्त्रीय नाव देणारा पीटर फोर्सकोल हा लिनियसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या सहा जणांच्या मोहिमेत तो वनस्पतीतज्ज्ञ होता. जुलै 1763 मध्ये येमेनमधल्या यरीम गावी तो हिवतापाने मेला. उरलेले सोबती मोखा बंदरातून मुंबईकडे निघाले. दोघे वाटेत समुद्रावरच वारले, वैद्य मुंबईत वारला, आणि सहांपैकी एकटा कार्स्टेन नीबुर जिवंत राहिला. तो वर्षभर मुंबईत होता. घारापुरीची लेणी त्याने मोजली, त्यांची चित्रं काढली. युरोपात परतल्यावर 1775 साली त्याने मित्राचं हस्तलिखित छापलं आणि त्यातून खातचं ‘काथा एड्युलिस’ हे नाव जगापुढे आलं. दाभोळची गलबतं एडन आणि होर्मुझकडे जात त्याच पाण्यावरून हा माणूस आपल्याकडे आला होता. मला हे फार जवळचं वाटतं.

पानातला दम नेमका कशाचा, हे कळायला मात्र दोनशे वर्षं लागली. सुकलेल्या पानातून आधी एक सौम्य द्रव्य हाती आलं होतं, पण ताज्या पानाचा जोर त्याने उलगडत नव्हता. अखेर 1975 साली संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ प्रयोगशाळेत ताज्या पानांतून कॅथिनोन वेगळं काढलं गेलं. पान सुकलं की हेच कॅथिनोन बदलून त्या सौम्य द्रव्यात जातं. म्हणजे केळीचं पान गुंडाळणाऱ्या येमेनी शेतकऱ्याला जे हाताने ठाऊक होतं, त्याचं कारण आता सूत्रात मांडता आलं.

आता थोडं रसायन. ते टाळलं तर पुढची गोष्ट कळायची नाही.

शाळेत आम्ही गोळ्या आणि काड्यांनी रेणू बांधून दाखवतो. काळी गोळी कार्बन, पांढरी हायड्रोजन, निळी नायट्रोजन, तांबडी ऑक्सिजन. सहा काळ्या गोळ्यांचं कडं करा, ते बेंझिनचं. कड्याला दोन काळ्या गोळ्यांची शेपटी लावा आणि शेपटीच्या टोकाला निळी गोळी. आपल्या मेंदूतलं डोपामीन याच सांगाड्यावर उभं आहे. आता नायट्रोजनच्या शेजारच्या कार्बनवर आणखी एक कार्बन बसवा. हे झालं अ‍ॅम्फेटामीन, ते बर्लिनमध्ये लाझार एदेलेआनू या रुमानियन रसायनज्ञाने 1887 साली बनवलं होतं. आता कड्याला लागून असलेल्या कार्बनवरचे दोन हायड्रोजन काढा आणि तिथे एक तांबडी गोळी दुहेरी काडीने जोडा. हे कॅथिनोन, खातच्या पानातलं. म्हणजे अ‍ॅम्फेटामीन आणि खात यांच्यात फरक आहे तो एका ऑक्सिजनचा. मग नायट्रोजनवर एक कार्बन वाढवा, आणि शेवटी कड्याच्या पार विरुद्ध टोकाला आणखी एक. 11 कार्बन, 15 हायड्रोजन, एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन. हे मेफेड्रोन. आपल्या पोलिसांच्या आणि पोरांच्या तोंडी असलेलं एमडी ते हेच.

त्या तांबड्या गोळीकडे जरा थांबून बघायला हवं. रक्तातून मेंदूत जायच्या वाटेवर जो पडदा आहे, तो स्निग्ध द्रव्यांना सहज वाट देतो. ऑक्सिजन जोडला की रेणू पाण्याकडे ओढला जातो, त्याची स्निग्धता घटते आणि पडद्यातून तो कमी प्रमाणात जातो, म्हणून डोस जास्त लागतो. त्यात मेफेड्रोनचा अंमल चढतो झपाट्याने आणि उतरतोही दोनतीन तासांत. मेंदूच्या पेशी डोपामीन, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्यं वापरून झाली की परत आत ओढून घेतात. ती आत ओढणारी दारंच हा रेणू उलटी फिरवतो. कोठारातला साठा एकदम बाहेर सांडतो. आनंद, जोश, जवळीक, सगळं एका उसळीत. साठा संपला की तेवढ्याच वेगाने पोकळी. मग दुसरी ओळ ओढायची, तिसरी, चौथी. रात्र संपेपर्यंत हात थांबत नाही. हृदय धडधडतं, अंग तापतं, बोटं निळी-गार पडतात, झोप उडते, आणि रोजचा घेणारा असेल तर काही महिन्यांत त्याला आपल्याच माणसांचा संशय यायला लागतो. व्यसनी मुलाच्या आईला ‘पोरगं असं का करतंय’ हे कोडं पडतं. त्या कोड्यातला मोठा भाग या रेणूच्या बांधणीत आहे. पोराच्या स्वभावात तो शोधून ती स्वतःला दोष देत बसते, याचं मला फार वाईट वाटतं.

याच सांगाड्यावरचं ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध आहे. सिगारेट सोडायलाही डॉक्टर ते देतात. सांगाडा पापी नसतो. कुठे काय जोडलं आणि ते कुणाच्या हाती दिलं, यावर सगळं ठरतं.

मेफेड्रोन पहिल्यांदा बनलं ते 1929 साली. साएम दे बुर्नागा सांचेझ या रसायनज्ञाने फ्रान्सच्या केमिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये त्याची नोंद केली. तेव्हा एफेड्रीनचा बोलबाला होता. जपानच्या नागाई नागायोशी यांनी 1885 मध्ये माहुआंग या चिनी वनौषधीतून ते काढलं होतं आणि त्याच्या जातकुळीतले रेणू बनवून बघायचा रसायनज्ञांना नादच लागला होता. सांचेझचा रेणू त्या रांगेतला एक. नाव भलंमोठं, उपयोग काहीच नाही. तो कागदावर आला आणि कागदावरच राहिला. सत्तर वर्षांहून अधिक काळ कुणालाही त्याची आठवण झाली नाही.

त्याचा सख्खा भाऊ मेथकॅथिनोन मात्र सोव्हिएत संघात बदनाम झाला. तिथे घरगुती भांड्यांत तो बनवून टोचून घेणाऱ्यांच्या अंगात बनवताना उरलेलं मँगनीज साचलं, आणि ऐन तारुण्यात त्यांची चाल म्हाताऱ्या कंपवाताच्या रुग्णासारखी झाली. बंदी, तुटवडा आणि अर्धवट रसायनज्ञान एकत्र आलं की काय होतं, याचा हा जुना दाखला आहे.

मेफेड्रोनला जाग आली 2003 च्या सुमारास. एका छुप्या रसायनज्ञाने ते पुन्हा बनवलं आणि टोपणनावाने त्याचे गुण जगाला सांगितले. कुठल्याच देशाच्या यादीत ते नव्हतं. इस्राएलमध्ये काही काळ त्याच्या कॅप्सूल उघड विकल्या गेल्या. 2008 च्या सुरुवातीला इस्राएलने बंदी घातली. डिसेंबर 2008 मध्ये स्वीडनमध्ये एका 18 वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि त्या देशानेही ते बंद केलं. पण तोवर ब्रिटनचा बाजार मोकळा पडला होता.

तो का मोकळा पडला, हे बघायला कंबोडियाच्या जंगलात जावं लागतं. एक्स्टसी नावाच्या गोळ्यांसाठी लागणारं सॅफ्रोल तेल तिथल्या झाडांपासून काढत. जून 2008 मध्ये कंबोडियाच्या अधिकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन पोलिसांच्या मदतीने असं 33 टन तेल जाळलं. युरोपातल्या एक्स्टसीच्या गोळ्या निकृष्ट होत गेल्या, कोकेनमध्येही भेसळ वाढली. त्या पोकळीत मेफेड्रोन शिरलं. चीनमधल्या कारखान्यांतून पोती यायची, ‘झाडांचं खत’ असं लेबल लागायचं आणि ‘माणसांनी खाण्यासाठी नाही’ अशी ओळ छापली की कायदा हात बांधून बसायचा. नशेच्या गोळ्या थांबाव्यात म्हणून झाडाचं तेल जाळलं, आणि ज्याला झाडच लागत नाही असा पदार्थ त्याच्या जागी आला. एमडीच्या इतिहासातलं हे वळण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

ब्रिटनमध्ये पुढे जे झालं त्यात शहाणपण आणि घबराट यांची सरमिसळ होती. सरकारचे अमली पदार्थविषयक सल्लागार डेव्हिड नट यांना ऑक्टोबर 2009 मध्येच सरकारशी मतभेद झाल्यामुळे काढून टाकलं होतं. मार्च 2010 मध्ये स्कन्थॉर्प गावात दोन तरुण मेले. वर्तमानपत्रांनी मेफेड्रोनचे बळी म्हणून मथळे दिले. 16 एप्रिल 2010 ला बंदी आली. घाईत निर्णय होतो आहे म्हणून सल्लागार मंडळातल्या एरिक कार्लिन यांनी राजीनामा दिला. मेच्या अखेरीस त्या दोघांच्या रक्ताचे अहवाल आले, तेव्हा त्यांत मेफेड्रोन सापडलंच नाही. बंदी चुकीची होती असं मी म्हणत नाही, माझ्या मते ती हवीच होती. पण पुराव्याच्या आधी मथळा धावला की पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरही तरुण विश्वास ठेवत नाहीत. शिक्षक म्हणून हे मी वर्गात अनुभवलं आहे. डिसेंबर 2010 मध्ये युरोपीय संघाने सगळीकडे बंदी आणली. चीननेही त्याच वर्षी त्यावर नियंत्रण आणलं.

बाजार तिथून उठला तो आपल्याकडे वळला.

आपल्याकडे रसायनांचं कौशल्य नवं नाही, आणि त्याला वाकडी वाट लागणंही नवं नाही. 1951 साली इंद्र किशोर काकर आणि सय्यद हुसेन झहीर यांनी मलेरियावर औषध शोधताना मेथाक्वॅलोन बनवलं. पुढे ते झोपेची गोळी म्हणून जगभर गेलं, मग मँड्रेक्स या नावाने नशेची गोळी झालं, आणि अधिकृत कंपन्यांनी ते बंद केल्यावर आपल्याकडच्या चोरट्या कारखान्यांतून दक्षिण आफ्रिकेला जात राहिलं. महाराष्ट्रात 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ आलं आणि तालुक्या-तालुक्यात एमआयडीसी उभ्या राहिल्या. औषधांच्या घटकद्रव्यांचे कारखाने त्यांतूनच निघाले. आमच्या जिल्ह्यातलं लोटे परशुराम त्यांतलंच. खेड-दापोलीकडच्या कितीतरी घरांची चूल या नोकऱ्यांवर पेटते. माझे विद्यार्थी तिथे केमिस्ट आहेत, शिफ्टला जातात, रिअ‍ॅक्टरचं तापमान वहीत लिहितात आणि घरी पैसे पाठवतात. तीच भांडी, तेच शिक्षण, तेच ड्रम. फरक असतो तो गेटवर लावलेल्या पाटीत आणि रात्रपाळीला आत काय चाललंय यात.

मुंबईत 2013-14 च्या सुमारास एमडी कॉलेजच्या आणि मग शाळांच्या आसपास पोचलं. ‘म्याऊ म्याऊ’ हे त्याचं लाडकं नाव. हे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलं, त्यात मांजराचा काही संबंध नाही. नाव लाडकं, भाव स्वस्त, आणि कायद्याच्या यादीत ते नाहीच. 1985 चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा पदार्थांची नावं घेऊन चालतो. यादीत नाव नसेल तर पोलिसांनी पोराच्या खिशातून पुडी काढली तरी पुढे काय करायचं हा प्रश्न. पालक ठाण्यात जाऊन हात जोडत होते आणि अधिकारी खरंच हतबल होते. अखेर 5 फेब्रुवारी 2015 च्या अधिसूचनेने मेफेड्रोन यादीत आलं. 2 ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, 50 ग्रॅमपासून व्यापारी प्रमाण. पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांनीही ते आंतरराष्ट्रीय करारात घातलं. कागदावर निजलेल्या रेणूचं नाव कायद्याच्या कागदावर यायला शहाऐंशी वर्षं गेली.

त्याच मार्चमध्ये साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात, कण्हेरी गावी, मुंबई पोलीस दलातल्या एका हवालदाराच्या घरातून शंभर किलोंहून अधिक पांढरी भुकटी जप्त झाली. राज्य हादरलं. पोलीस ठाण्यातल्या त्याच्या कपाटातूनही आणखी भुकटी निघाली. पण नंतरच्या प्रयोगशाळा तपासणीत ती भुकटी एमडी नसून अजिनोमोटो असल्याचं पुढे आलं. चायनीजच्या गाडीवर असतं तेच मोनोसोडियम ग्लुटामेट. आरोपी जामिनावर सुटले.

या प्रसंगावर तेव्हा लोक खूप हसले. मला त्यात रसायनशास्त्राची खरी अडचण दिसते. दोन बशा समोर ठेवा. एकीत अजिनोमोटोचे लांबट, चकचकीत, साखरेच्या कण्यांपेक्षा बारीक स्फटिक, दुसरीत मेफेड्रोनची पांढुरकी भुकटी. कुठलं काय, हे डोळ्यांना खात्रीने सांगता येणार नाही. मेफेड्रोनला एक कुबट, मासळीसारखा वास असतो म्हणतात, पण वास हा पुरावा नव्हे. जागेवर तपासायच्या पेटीतली जुनी अभिक्रियाद्रव्यं अफूच्या घराण्याला जांभळा रंग देतात, अ‍ॅम्फेटामीनला नारिंगी-तपकिरी. मेफेड्रोनपुढे ती जवळजवळ मुकी राहतात, कारण ती बनली तेव्हा हा पदार्थ कुणाच्या स्वप्नातही नव्हता. मग नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथे वायूच्या प्रवाहात त्याचे घटक वेगळे होतात, रेणूचे तुकडे केले जातात आणि त्या तुकड्यांच्या वजनांवरून ओळख पटते. ती ओळख पक्की असते, पण रांग लांब असते. वजन, मोहोर, तारीख, सही यांत एक चूक झाली तरी कोर्टात प्रकरण कोसळतं.

त्यानंतरच्या दहा वर्षांत कारखानेच सापडत गेले. एप्रिल 2016 मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत सुमारे साडेअठरा टन एफेड्रीन जप्त झालं, तो वेगळा पदार्थ, पण वाट तीच. ऑगस्ट 2022 मध्ये नालासोपाऱ्यात मुंबई पोलिसांनी 700 किलोंहून अधिक एमडी पकडलं. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ते बनवण्याच्या आरोपावरून धरलेला माणूस सेंद्रिय रसायनशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर होता. ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कार्बनला चार हात असतात, हे त्यालाही कुठल्यातरी मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवलं असेल.

2023 चा ऑक्टोबर पुण्याला विसरता येणार नाही. ससून रुग्णालयात उपचार घेत असलेल्या एका आरोपीचं जाळं तिथूनच चालत होतं, असं पोलिसांना आढळलं. रुग्णालयाच्या दारात एमडी पकडलं गेलं, त्यानंतर लगेचच आरोपी पळाला, आणि पंधरवड्याने दक्षिणेत सापडला. दरम्यान नाशिकजवळच्या शिंदे गावात कारखान्यावर छापा पडला, 150 किलोंच्या आसपास माल निघाला. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांना सोमवार पेठेत पुड्यांचा धागा मिळाला. तो विश्रांतवाडीतून दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत गेला, तिथून दिल्लीला आणि इकडे सांगलीजवळच्या कुपवाडला, जिथे माल मिठाच्या पोत्यांत दडवला होता. सगळा मिळून सतराशे किलोंहून अधिक. पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात मुंबई पोलिसांनी आणखी शंभरावर किलो पकडलं. द्राक्षांचा मुलूख तो.

बातम्यांत छापलेल्या किमती मी एकदा वहीत मांडून बघितल्या. शिंदे गावच्या दीडशे किलोंचे 300 कोटी, नालासोपाऱ्याच्या सातशे किलोंचे 1,400 कोटी, पुण्याच्या सतराशे किलोंचे साडेतीन हजार कोटी. तिन्हीकडे हिशेब एकच, किलोला साधारण दोन कोटी. म्हणजे रस्त्यावरच्या ग्रॅमच्या भावाने गुणलेला आकडा. कारखान्यातला खर्च त्याच्या जवळपासही नसतो. दुष्काळी तालुक्यात बंद पडलेल्या शेडचं भाडं, चार ड्रम आणि एक केमिस्ट, आणि समोर हा गुणाकार. मोह किती मोठा आहे हे कळल्याशिवाय आपण त्याच्याशी लढू शकणार नाही. पुरावा गोळा करणाऱ्या हवालदाराच्या पगाराशेजारी हा आकडा ठेवून बघावा.

आणि म्हणून मला केळशीची ती पाकिटं पुन्हा पुन्हा आठवतात. चरसाला गाव असतं. त्याचं शेत असतं, हंगाम असतो, वास असतो, तो समुद्रावरून किंवा घाटावरून आणावा लागतो, आणि आणताना तो सापडतो, कधी लाटा आणून देतात. तटरक्षक दल, सीमाशुल्क, सागरी पोलीस ही आपली सगळी राखण त्या वाटेवर उभी आहे, आणि ती हवीच. एमडीला शेत नाही, हंगाम नाही. ते समुद्र ओलांडत नाही. ते पुण्याहून, नाशिकहून, मुंबईहून खासगी गाडीने, कुरिअरने, सुट्टीत घरी येणाऱ्या पोराच्या बॅगेतून कोकणात उतरतं. केळशीच्या पाखाडीवरून ते गेलं तरी कुत्रं भुंकायचं नाही.

महाराष्ट्राने व्यसनाची एक मोठी लाट याआधी पाहिली आहे. ऐंशीच्या दशकात गर्द आली, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. गर्द ही अफूची लेक. तिच्यावर शरीराला आधार देणारं ब्युप्रेनॉर्फिन आहे, जास्त झाली तर उतारा म्हणून नॅलोक्सोन आहे. एमडीसाठी असं ठरलेलं औषध अजून नाही. अंग तापलं तर गार करायचं, हृदय सांभाळायचं, झोप आणायची, संशय वाढला तर त्यावर औषध द्यायचं, आणि मग महिनोन्‌महिने माणसाशी बोलत राहायचं.

गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याला भेटायला मी एका व्यसनमुक्ती केंद्रात गेलो होतो. हुशार मुलगा. बारावीला प्रॅक्टिकलमध्ये त्याची टायट्रेशनं वर्गात सगळ्यांत अचूक यायची. अंगणात गोल करून वीस-बावीस जण बसले होते, प्रत्येक जण आपलं नाव सांगून किती दिवस झाले ते सांगत होता. याची पाळी आली. ‘‘एकोणतीस,’’ तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून थांबला. नंतर बाहेर पडताना त्याने मला विचारलं, ‘‘सर, साठा परत भरायला किती दिवस लागतात?’’ मी त्याला ते गोळ्या-काड्यांचं सगळं परत सांगितलं. भिंतीला टेकून, हळूहळू, त्याला समजेपर्यंत. दिवसांचा आकडा मात्र मी दिला नाही. पुढच्या रविवारी येतो एवढं सांगितलं, आणि आलो.